दोन ट्यूब, दोन वेगळी कामं: हर्पिसच्या फोडांवर औषध लावताना

दुकान आवरायच्या वेळेला येणारी काही गिऱ्हाइकं मला लांबूनच कळतात. आधी ओआरएसचं पाकीट मागतात, मग डोकेदुखीची एखादी गोळी, आणि शेजारची बाई पायरी उतरून गेली की चौपदरी घडी केलेली चिठ्ठी काउंटरवर सरकवतात. चिठ्ठीवर अ‍ॅसायक्लोव्हिरच्या गोळ्या, त्याच औषधाची ५ ग्रॅमची ट्यूब आणि लिग्नोकेन जेल. "कसं लावायचं ते सांगितलंय ना डॉक्टरांनी?" असं विचारलं की मान हलते, पण नजर वर येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. पण लाजेनं आणि धास्तीनं माणूस इतका गोठलेला असतो की त्यातलं काही कानात शिरलेलंच नसतं. अशांना मी आत, औषधांच्या फ्रिजशेजारच्या स्टुलावर बसवते आणि जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

तासगावात माझं मेडिकल आहे, त्याला २१ वर्षं झाली. फार्मसीच्या डिप्लोमाला होते तेव्हापासून माझ्या स्वतःच्या ओठावर जर फुटतो. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा घोस येतो, त्याला आमच्याकडची जुनी माणसं जर म्हणतात. तो हर्पिसच. मला हे पुस्तकात वाचून कळलं. तोवर आई दर वेळी लोणी लावायची आणि दहा दिवसांनी तो आपोआप जायचा.

हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचे दोन प्रकार. पहिला बहुतेक वेळा ओठावर, दुसरा बहुतेक वेळा लघवीच्या जागी, जांघेत किंवा ढुंगणावर, पण दोन्ही दोन्हीकडे होऊ शकतात. जगात पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांपैकी साधारण दोघांच्या अंगात पहिला प्रकार असतो. बऱ्याच जणांना तो आहे हे ठाऊकही नसतं. एकदा शिरला की तो मज्जातंतूच्या गाठीत जाऊन झोपतो. ऊन लागलं, ताप आला, पाळी आली, जागरणं झाली की पुन्हा त्याच तंतूवरून कातडीपर्यंत येतो. म्हणून फोड दर वेळी जवळजवळ त्याच जागी उठतो. आणि म्हणूनच, आज फोड दिसला म्हणजे तो आजच कुठून तरी आणला असं मुळीच नसतं. काही वर्षांपूर्वीचा विषाणू पहिल्यांदा आत्ता डोकं वर काढू शकतो. स्टुलावर बसलेल्या नवरा-बायकोला मी हे औषधाच्याही आधी सांगते, कारण त्या एका गैरसमजानं मोडायला आलेली घरं मी पाहिली आहेत.

अजून एक घोळ आधीच मिटवते. आपल्याकडे हर्पिस म्हटलं की लोक नागीण समजतात. नागीण हा त्याच घराण्यातला वेगळा विषाणू, कांजिण्यांचा. ती कंबरेला, छातीला किंवा चेहऱ्याला एकाच बाजूनं पट्टा धरते. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे खोटं आहे. पण नागिणीला ट्यूब पुरत नाही. तिथे गोळ्या लागतात, मात्रा मोठी लागते, आणि त्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग होतो. पट्टा दिसला तर हा लेख बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जा.

आता त्या दोन ट्यूब.

अ‍ॅसायक्लोव्हिर विषाणूची वाढ रोखतं. हे औषध ज्या पद्धतीच्या संशोधनातून निघालं, त्या कामासाठी गर्ट्रूड एलियन या बाईंना १९८८ सालचं नोबेल वाटून मिळालं. त्यातली मला आजही थक्क करणारी गोष्ट अशी की हे औषध निरोगी पेशीत जवळजवळ निजून असतं. विषाणू ज्या पेशीत शिरलाय, तिथे विषाणूचंच एक विकर (एन्झाइम) त्याला जागं करतं, आणि मग ते विषाणूच्या नव्या प्रती तयार होणं थांबवतं. म्हणजे विषाणू वाढत असतानाच त्याचा उपयोग. वाढ संपली, फोड फुटले, खपली धरली, की अडवायला फारसं काही उरत नाही.

लिग्नोकेन विषाणूला काहीही करत नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतात त्यातलंच हे औषध, जेलच्या रूपात. ते मज्जातंतूतला दुखण्याचा निरोप थोडा वेळ अडवतं. फोड त्यानं एक दिवसही लवकर जात नाही. पण आग थांबते, आणि आग थांबली की माणूस लघवीला जातो, पाणी पितो, झोपतो. हे काम लहान नाही. मात्र बधिर झालं म्हणजे बरं झालं असं समजून गोळ्या सोडणारे दर दोन-तीन महिन्यांत एक तरी भेटतात.

सगळ्यात महत्त्वाची आहे ती वेळ. फोड दिसायच्या आधी काही तास, कधी आदला दिवसभर, त्या जागी चुणचुण होते, मुंग्या येतात, खाजतं, कातडी ताणल्यासारखी वाटते. खाली होणार असेल तर कधी मांडीतून, नितंबातून कळ जाते. औषध सुरू करायची वेळ ती. मी स्वतः कितीतरी वर्षं इथेच चुकत होते. औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहूनही चुणचुण झाली की "बघू उद्या" म्हणायचे आणि फोड टरारून वर आले की ट्यूब उघडायचे. मग "या औषधाचा काही उपयोग होत नाही" असं माझंच मत झालं होतं. एका मार्चमध्ये द्राक्षांच्या हंगामात माहेरच्या बागेत दोन दिवस उन्हात होते. संध्याकाळी वरचा ओठ चुणचुणला आणि पर्समध्ये ट्यूब होती म्हणून तिथेच बांधावर लावली. त्या वेळी फोड आले ते तीनच, आणि पाचव्या दिवशी खपलीही गळली. दर वेळी इतकं छान होत नाही. क्रीमनं साधारण अर्धा-एक दिवसाचा फरक पडतो, असंच धरून चाला. पण तेव्हापासून ट्यूब पर्समध्येच असते.

ओठावर लावायची रीत अशी. हात साबणानं धुवायचे. जागा साध्या पाण्यानं धुऊन मऊ कापडानं टिपायची, घासायची नाही. मग अ‍ॅसायक्लोव्हिरचं ५ टक्क्यांचं क्रीम तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं, कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर घेऊन फोडावर आणि कडेच्या लाल भागावर अलगद टेकवायचं. चोळायचं नाही. जागेपणी दर चार तासांनी, म्हणजे दिवसातून पाच वेळा, पाच दिवस. वेळा मी पाकिटावर लिहून देते: सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११. रात्री उठून लावायची गरज नाही. एकदा वापरलेली काडी पुन्हा ट्यूबच्या तोंडाला लावू नका, टाकून द्या. लावून झालं की परत हात धुवा. बोटानंच लावायची सवय असेल तर ती मोडा. बोटाला बारीक चीर असली तर विषाणू तिथेही घर करतो आणि नखाशेजारी ठसठसणारे फोड येतात.

क्रीम लावल्यावर मिनिटभर चुणचुणतं, कातडी थोडी कोरडी पडते. त्यानं घाबरू नका. लाली फोडाच्या बाहेर पसरत गेली, खाज वाढली, तर मात्र थांबवून दाखवा. हे क्रीम ओठाच्या बाहेरच्या कातडीसाठी आहे. तोंडाच्या आत, योनीच्या आत आणि डोळ्यात ते जाता कामा नये. डोळ्यासाठीचं मलम वेगळं, ३ टक्क्यांचं, आणि ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघूनच द्यायचं असतं.

आता खालच्या फोडांबद्दल. इथे ट्यूबचा उपयोग फार थोडा आहे. भार असतो तो गोळ्यांवर. पहिल्यांदाच होत असेल तर डॉक्टर सहसा अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, ७ ते १० दिवस लिहितात, किंवा त्याच जातीचं व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून दोन वेळा, तितकेच दिवस. व्हॅलासायक्लोव्हिर महाग पडतं, पण वेळा कमी असल्यानं विसरायला होत नाही. कारखान्यात पाळीला जाणाऱ्यांना मी ते डॉक्टरांकडे विचारून बघायला सांगते. पुन्हा उद्भवलेल्या फोडांना कमी दिवसांचा कोर्स पुरतो. तुमच्या चिठ्ठीवर जे असेल ते खरं. मी आकडे एवढ्यासाठीच दिले की "गोळ्या कशाला, ट्यूब द्या फक्त" म्हणणाऱ्यांना कळावं की चिठ्ठीतला मुख्य माल ते काउंटरवरच सोडून चाललेत. तरीही डॉक्टरांनी मलम लिहिलं असेल तर तीच रीत: काडीनं किंवा हातमोजा घालून, पातळ थर, फोड झाकतील इतकंच.

गोळ्या चालू असताना पाणी भरपूर प्या, कारण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर जातं. मूत्रपिंडाचा त्रास असेल, वय झालेलं असेल, तर मात्रा बदलावी लागते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण सांगायचं.

बधिर करणाऱ्या जेलवर थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात आणि सगळ्यात मोठा दिलासाही तिथेच मिळतो.

दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगी आली, विशीतली. उभी राहू शकत नव्हती. विचारता विचारता कळलं की सकाळपासून ती लघवीलाच गेलेली नाही. उघड्या जखमेवरून लघवी गेली की जी आग होते तिच्या भीतीनं तिनं पाणी पिणंच बंद केलं होतं. त्यानं लघवी आणखी पिवळी, आणखी तिखट, आणि आग दुप्पट. ज्या दवाखान्यातून ती आली होती तिथे तिला जेल लिहून दिलं होतं, पण ते कधी लावायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. ती रात्री झोपताना लावत होती.

तिला जे सांगितलं ते असं. लघवीला जायच्या पाच मिनिटं आधी जेल लावायचं. २ टक्क्यांचं जेल वाटाण्याएवढं पुरतं. काडीनं किंवा हातमोज्यानं फोडांवर पातळ पसरायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. लगेच बसलात तर बधिर झालेलंच नसतं आणि "याचा उपयोग नाही" असं वाटतं. लघवी करताना तांब्यानं कोमट पाणी त्या जागेवर सोडत राहायचं, म्हणजे लघवी पातळ होते. मोठा टब असेल तर कोमट पाण्यात बसून त्यातच लघवी केली तरी चालते. यात लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टरही हेच सांगतात. नंतर धुऊन, टिपून, जागा कोरडी करायची, आणि अ‍ॅसायक्लोव्हिरच्या मलमाची वेळ झाली असेल तर ते आता लावायचं. हा क्रम मी यासाठी सांगते की जेल धुऊन जातं तेव्हा मलमही सोबत वाहून जाऊ नये. दोन्ही ट्यूब तळहातावर एकत्र कालवून लावू नका. दोन्हींच्या वेळा वेगळ्या आणि दिवसातले फेरेही वेगळे. डॉक्टरांनी मुद्दाम दोन्ही असलेली एकच तयार ट्यूब दिली असेल तर चिठ्ठीवर लिहिलेत तेवढेच फेरे, आग झाली म्हणून वाढवायचे नाहीत.

मुलगी संध्याकाळी परत आली, नुसती सांगायला, की जमलं.

जेलचा हिशेब नीट समजून घ्या. २ टक्के म्हणजे एका ग्रॅममध्ये २० मिलिग्रॅम लिग्नोकेन. ३० ग्रॅमच्या आख्ख्या ट्यूबमध्ये ६०० मिलिग्रॅम, आणि धडधाकट मोठ्या माणसासाठी १२ तासांतली कमाल मर्यादाच तेवढी आहे. फुटलेल्या फोडातून औषध अंगात जास्त शोषलं जातं, म्हणून त्या मर्यादेच्या आसपासही जायचं कारण नाही. वाटाण्याएवढं जेल अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे १० मिलिग्रॅम. दिवसातून तीन-चार वेळा असं लावलं तर तुम्ही पुष्कळ अलीकडे आहात. वर पट्टी बांधायची नाही, प्लास्टिक गुंडाळायचं नाही, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही. लावल्यावर कानात गुणगुण, तोंडाभोवती मुंग्या, गरगरणं, जिभेवर धातूसारखी चव असं काही झालं तर जेल धुऊन टाका आणि दवाखाना गाठा. हृदयाचे ठोके अनियमित असल्याचं औषध चालू असेल, यकृताचा आजार असेल, किंवा दाताच्या इंजेक्शननंतर पूर्वी कधी त्रास झाला असेल, तर जेल घेण्याआधीच सांगा. आणि बेंझोकेन असलेली मलमं "तीही बधिरच करतात" म्हणून या जागी लावू नका. त्यानं अ‍ॅलर्जी उठण्याचा धोका जास्त असतो.

ओठाला जेल लावायचं तर जेवणाच्या तोंडावर लावू नका. जीभ, घसा बधिर झाला की घास अडकतो, गालाची आतली बाजू चावली जाते. तोंडात जेल गेलं असेल तर तासभर काही खायचं नाही.

लहान मुलांच्या बाबतीत माझं म्हणणं एका वाक्याचं आहे: मुलाच्या तोंडात हे जेल घालू नका. पहिल्यांदा हर्पिस होताना दोन-तीन वर्षांच्या पोराच्या हिरड्या, जीभ फोडांनी भरून जातात, ताप येतो, पोर पाणीही घेत नाही, आणि आईला वाटतं थोडं बधिर करावं. बाळांच्या तोंडात लिग्नोकेन वापरल्यानं फिट्स आल्याचे, जीव गेल्याचे प्रकार घडले आहेत. त्या मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, तोंडानं द्यायचं पातळ औषध मिळतं. थंड दूध चमच्या-चमच्यानं पाजा, आंबट काही नको.

कशाकशाचे थर घेऊन लोक येतात तेही सांगते. चुना, टूथपेस्ट, हळद-तेल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गजकर्णासाठी मिळणारी ती तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमं. त्यांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली उतरते, माणूस खूश होतो, आणि खाली विषाणू मोकाट सुटतो. तिसऱ्या दिवशी फोड हाताच्या पंजाएवढे पसरलेले मी पाहिलेत. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती मिळतात, आणि माझ्याच धंद्यातली माणसं ती देतात, याचा मला मनापासून राग आहे. सुईनं फोड फोडू नका. फार चिकचिकत असेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात चमचाभर मीठ घालून त्यानं जागा धुवा; याहून स्वस्त आणि चांगलं काही नाही. सैल सुती कपडे घाला, घट्ट जीन्स आठवडाभर कपाटात राहू दे.

चुणचुण सुरू झाल्यापासून खपली पूर्ण गळून खाली नवी कातडी येईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत, कंडोम लावूनही नाही. तेलकट मलमानं कंडोमचं रबर कमजोर होतं, आणि बधिर जेल लावून "आता दुखत नाही" म्हणून जवळ जाणं म्हणजे जखम आपल्याला न कळता वाढवणं आणि समोरच्याला विषाणू देणं. फोड नसतानाही विषाणू कधीकधी कातडीवर येतो, म्हणून एरवीच्या दिवसांत कंडोम वापरा. धोका कमी होतो, संपत नाही. हे जोडीदाराला सांगायला जड जातं. डॉक्टरांसमोर दोघांनी बसून बोललं तर सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

ओठावर जर असताना बारशाला गेलात तर बाळाची पापी घेऊ नका, बाळाच्या हातांचीही नाही. महिन्याच्या आतल्या बाळाला हा विषाणू लागला तर तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. माझ्या भाचीच्या बारशाला माझ्या ओठावर खपली होती. मी दारात उभी राहून पाळणा ऐकला आणि बाळाला दुसऱ्या महिन्यात घेतलं. वहिनी तेव्हा रुसली, नंतर तिला समजावलं. गरोदर बाईला खाली पहिल्यांदाच फोड आले, तेही शेवटच्या दीड महिन्यात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. बाळंतपण कसं करायचं ते त्यावर ठरतं.

डॉक्टरांकडे लगेच जायची कारणं: डोळा लाल होऊन दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा पापणीवर फोड आहेत. सहा-आठ तास लघवी झाली नाही आणि ओटीपोट टणक झालंय. तापासोबत डोकं फुटतंय, मान अवघडलीय, माणूस भ्रमिष्टासारखं बोलतोय. साखर जास्त आहे, केमो चालू आहे, एचआयव्ही आहे. किंवा दहा दिवस औषध घेऊनही फोड तसेच आहेत. मग तो कदाचित हर्पिस नसेलच.

ट्यूब फ्रिजमध्ये ठेवू नका, साध्या थंड जागी ठेवा. दुचाकीच्या डिकीत तर मुळीच नको. एप्रिलमध्ये तिथलं क्रीम पातळ होऊन तेल सुटतं. उरलेली ट्यूब बहिणीला, मैत्रिणीला देऊ नका, एका घरात दोन माणसांनी एकच ट्यूब वापरू नका.

आणि दर वेळी फोड आला की तारीख लिहून ठेवा. मी भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या हिशेबाशेजारी, एक बारीक फुली मारते; घरात दुसऱ्या कुणाला ती कळत नाही. वर्षात पाच-सहा फुल्या झाल्या की ती पानं घेऊन डॉक्टरांकडे जा. रोज एक-दोन गोळ्या घ्यायचा उपाय असतो, त्यानं वारंवार येणारे फोड पुष्कळ कमी होतात, आणि व्हॅलासायक्लोव्हिर रोज घेतलं तर जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही जवळपास निम्म्यावर येतो. गेल्या दिवाळीत एक गृहस्थ अशी अकरा फुल्यांची पानं माझ्याकडे घेऊन आले होते. मी ती तशीच पिशवीत घालून त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांच्या या वर्षीच्या कॅलेंडरवर आतापर्यंत दोन आहेत.